पिळ्ळैयारवर घेतलेला आळ

राहुकाळात मी कधी सुरी उचलली नाही. माझा त्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, टेबलावर झोपलेल्या माणसाचा होता म्हणून. मद्रासमध्ये हाडांचा डॉक्टर व्हायचं तर भिंतीवर दोन गोष्टी लागत: एक्स-रे बघायची दिव्याची पेटी आणि राहुकाळ छापलेलं कॅलेंडर. सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा. ऑपरेशनची यादी त्या बेतानं लागायची. एका निवृत्त मुन्सफांनी तर भूल चढता चढता मला विचारलं होतं, "डॉक्टर, तुमचं घड्याळ किती मिनिटं पुढे आहे?"

असले किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत, आणि दिवाळीत लोकांना तेच वाचायला आवडतं. तेच लिहायला बसलो होतो. तीन पानं झाली आणि मलाच माझा कंटाळा आला. सगळ्या किश्श्यांत डॉक्टर शहाणा आणि पेशंट वेडा! चाळीस वर्षांत वेडेपणा काय फक्त पेशंटांनीच केला? पानं फाडली. आता जे लिहितोय ते आजवर पुरतं कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच ठाऊक आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. सत्तरच्या दशकात शिकायला मद्रासला आलो आणि इथलाच झालो. राहायला वेस्ट मांबलममध्ये, काम अण्णा नगरच्या एका खासगी इस्पितळात. इथं तंजावरहून आलेली मराठी घराणी पुष्कळ. तीनशे वर्षांपूर्वीची मराठी बोलतात, अधूनमधून तमिळ पेरून, आणि हेल पूर्ण तमिळ. पहिल्यांदा ऐकताना मला हसू यायचं. ते लोकही माझ्या मराठीला हसत असणार, पण माझ्यासारखे तोंडावर नाही. त्या घरांत माझं नाव झालं होतं. आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर म्हटल्यावर ते दुसऱ्या कुणाकडे पाऊल टाकत नसत. मला त्याचा अभिमान होता. चांगलाच होता.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. अंबुजाबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. अंबुजाबाई विधवा, पोस्टात नोकरी केलेल्या, नाकात मोरणी, बोलणं भरभर. मुलगी जयंती चोवीस-पंचवीसची, मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. ती बॉल बॅडमिंटन खेळायची. हा खेळ महाराष्ट्रात फारसा कुणाला माहीत नाही. लोकरीचा पिवळा चेंडू, दोन्हीकडे पाच-पाच जणी. मागे वळून चेंडू मारताना तिचा उजवा गुडघा आतून फाटकन वाजला होता. सूज ओसरली, पण धावताना वळली की गुडघा सटकायचा आणि ती खाली बसायची. शाळेतली नोकरी अजून कायम झाली नव्हती. मैदानावर पडणारी खेळाची बाई कोण ठेवणार?

काय तुटलं होतं ते सांगतो. गुडघ्याच्या ऐन मध्यात करंगळीएवढी जाड एक दोरी असते. नडगीचं हाड पुढे घसरू नये, माणूस वळला की गुडघ्यानं दगा देऊ नये, हे तिचं काम. ती तुटली की शिवून जुळत नाही, नवी घालावी लागते. नवी म्हणजे वाटीखालच्या शिरेची मधली पट्टी, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून काढलेली. खाली नडगीत एक भोक पाडायचं, वर मांडीच्या हाडात एक, पट्टी ओवायची आणि दोन्हीकडे स्क्रूनं आवळायची. सुतारकामच. अवघड काय, तर वरचं भोक. ते हाडाच्या खोबणीत अगदी मागे, शेवटच्या कडेला लागून पडलं पाहिजे. आणि तिथं एक फसवी जागा आहे. कडेच्या अलीकडे हाडाला एक बारीक उंचवटा असतो. नवख्याला वाटतं हीच कड, आणि तो तिथंच ड्रिल लावतो. आमच्या धंद्यात त्या उंचवट्याला शिकाऊ डॉक्टरांच्या नावानं ओळखतात.

मी शिकाऊ नव्हतो. चाळिशी गाठलेली होती आणि माझ्या हाताखाली शिकाऊ होते. तरी मी त्याच उंचवट्यावर भोक पाडलं.

ऑपरेशननंतर दोन फोटो काढतात, एक समोरून, एक बाजूनं. चूक कळते ती बाजूच्या फोटोत. मी समोरचा पाहिला, 'छान' म्हटलं आणि पाकीट बंद केलं. घाईत होतो असंही नाही. माझं काम तपासायची मला सवयच नव्हती.

जयंतीनं व्यायाम असे केले की फिजिओथेरपीवाली बाई इतर पेशंटांना तिचं उदाहरण द्यायची. दहाव्या महिन्यात मी गुडघा हलवून पाहिला आणि म्हणालो, "झालं. आता धाव, पळ, उठाबशा काढ, सगळं कर." हे वाक्य माझं आहे. ते मी नंतर सोयीस्कर विसरलो.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी दोघी परत आल्या. गुडघा पुन्हा सटकायला लागला होता. मी पाय हातात घेतला, नडगी पुढे ओढली, आणि ती सैल खणासारखी हातात आली. आत दोरी राहिलेलीच नव्हती. मी चष्मा काढून विचारलं, "काय केलंस तू?"

हा प्रश्न आम्ही डॉक्टर फार सफाईनं विचारतो. त्यात निकाल आधीच लागलेला असतो.

जयंतीनं तोंड उघडायच्या आत अंबुजाबाई बोलल्या. त्यांची बोली माझ्या कानात राहिली तशी लिहितो, चुकलं तर तंजावरकरांनी माफ करावं.

"डॉक्टर, मीच सांगितलें तिला. पिळ्ळैयारला वेंडुदल केली होती मी. गुडघा नीट झाला तर एकशें आठ तोप्पुकरणम् घालेल म्हणून."

पिळ्ळैयार म्हणजे इथला गणपती. वेंडुदल म्हणजे नवस. आणि तोप्पुकरणम् म्हणजे हातांची अढी घालून दोन्ही कान धरायचे आणि देवासमोर उठाबशा काढायच्या. इथं लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे काढतात, तीन किंवा पाच. यांनी बोलल्या होत्या एकशे आठ, आणि जयंतीनं त्या एका सकाळी सलग काढल्या होत्या. त्यानंतर चार दिवसांत गुडघा सुजला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू! लाज वाटते लिहायला, पण आनंदच झाला. कारण सापडलं होतं आणि ते माझ्यापासून लांब, देवळात होतं. मी आवाज चढवला. "एकशे आठ? अहो, नव्या दोरीवर एकशे आठ उठाबशा? मी काय यासाठी चार तास उभा होतो?"

अंबुजाबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. "अय्यो! माझ्याच हातानें केलें मी पोरीचें!"

आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं. वर मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ द्या, झालं ते झालं. पुन्हा करू." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या आईच्या तोंडी रोज असायची. माझ्या अंगणात तर बिचारा गणपती बसला होता.

पुन्हा करायचं म्हणून मी जुने फोटो काढले. तेव्हा बाजूचा फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. स्क्रू जिथं असायला हवा त्याच्या चांगला बोटभर पुढे होता. पेटीच्या उजेडात पट्टी लावून मोजलं. आता सगळंच उलगडत होतं. भोक पुढे पडलं की गुडघा वाकवताना दर खेपेला दोरी ताणते. उठाबशांनी ती तुटली हे खरं होतं. पण दोरी जागेवर असती तर एकशे आठ काय, रोज काढल्या असत्या तरी तिला धक्का लागला नसता. त्या नसत्या काढल्या तर माझी दोरी जिना चढता-उतरता तुटली असती, दोन महिने उशिरा. माझ्या हाती अर्धं खरं होतं आणि मी ते घट्ट धरून ठेवलं.

इथवरचं पाप अडाणीपणाचं म्हणता येईल. पुढचं नाही.

चुकलेलं भोक दुरुस्त करायची सरळ रीत मला ठाऊक होती. कमरेच्या हाडाचा चुरा काढून जुनं भोक बुजवायचं, पाच-सहा महिने हाड भरू द्यायचं, आणि मग दुसऱ्या ऑपरेशनात नवं भोक मागे, योग्य जागी पाडायचं. दोन ऑपरेशनं. पण मग अंबुजाबाई विचारणार, "डॉक्टर, दोनदा कां?" त्याला उत्तर एकच होतं. ते द्यायला लागू नये म्हणून मी एकाच ऑपरेशनात भागवायचं ठरवलं. नीट वाचा: गुडघ्याला काय हवं यावरून नाही, मला काय लपवायचंय यावरून मी ऑपरेशन ठरवलं.

थिएटरच्या मुख्य सिस्टर रोझलिन. पंचवीस वर्षं हत्यारं हातात देणारी बाई. माझ्या आधी तिला कळायचं मला पुढे काय लागणार. गुडघा उघडल्यावर ती वाकून बघत हळूच म्हणाली, "सार, होल रोंब मुन्नाडि इरुक्कु." सर, भोक फार पुढे आहे.

"ड्रिल दे," मी म्हणालो.

तिनं ड्रिल दिलं नाही. क्षणभर हातातच धरलं. "बोन ग्राफ्टचा ट्रे तयार आहे, सार." म्हणजे भोक बुजवायला कमरेचं हाड काढायची हत्यारं.

"मी मागितला?"

तिनं ड्रिल दिलं. मी जुनंच भोक मागच्या बाजूला कोरून लांबट केलं, त्यात त्याच पायाच्या मांडीमागून काढलेली नवी शीर ओवली आणि मोठा स्क्रू मारला. सैल खुंटीला कागद गुंडाळून ठोकावी तसं ते काम. ऑपरेशनच्या टिपणात लिहिलं, 'भोक योग्य जागी.' रोझलिननं त्या दिवशी माझ्यासोबत कॉफी घेतली नाही.

ते काम दीडएक वर्ष टिकलं. तेवढ्या काळात जयंतीला शाळेनं मैदानावरून काढून ग्रंथालयात बसवलं होतं. तात्पुरतं, गुडघा बरा होईतो. ती तिसऱ्यांदा माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा मी प्रश्न विचारलाच नाही. अंबुजाबाईंनीच विचारला.

"डॉक्टर, या खेपेस तर मी अस्क बंद केलें." अस्क म्हणजे सगळं. "जमिनीवर बसूं दिलें नाहीं. जेवण मेजावर. देवळांत तिला नेलें नाहीं. मी सुद्धां गेलें नाहीं. पिळ्ळैयारच्या कोविलावरून जायचें झालें तर रस्ता ओलांडून पलीकडून जातें. दोन वर्षें झालीं. मग आतां माझें काय चुकलें? सांगा तुम्ही."

ती बाई हे तक्रार म्हणून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, पुढच्या खेपेला तीही चूक टाळता यावी म्हणून. मला खुर्चीत बसवेना. पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो आणि बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो. चूक मी केली होती आणि देवाला मुकली होती ती.

दुसऱ्या दिवशी जयंतीला एकटीला बोलावलं. पेटीवर तिन्ही वेळचे बाजूचे फोटो लावले आणि पेन्सिलीनं दाखवलं: हा स्क्रू, ही असायला हवी ती जागा. पहिल्यापासून माझं चुकलं होतं, दुसऱ्यांदा कळूनही मी लपवलं, हे सांगितलं.

तिनं पहिल्या फोटोतल्या स्क्रूवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "एकशे आठ काढताना मला काहीच दुखलं नव्हतं. मी तेव्हाही म्हणणार होते. पण तुम्ही ओरडत होता."

मी म्हणालो, "नुंगंबाक्कमला एक चांगले सर्जन आहेत. मी चिठ्ठी देतो. सगळे फोटोही देतो."

"नक्को. तुम्हीच करा. चूक कुठं आहे ते तुम्हाला नेमकं ठाऊक आहे." हे ती माया म्हणून बोलत नव्हती. हिशेबी बोलत होती. "पण अम्माला सांगा. आधी सांगा."

मी म्हणालो, "सांगतो. आधी गुडघा होऊ दे. आत्ता सांगितलं तर त्या घाबरतील, ऑपरेशनला नाही म्हणतील."

जयंती उठता उठता म्हणाली, "बरं." तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. पण एवढा शरमलेला माणूससुद्धा सवलत मागतोच, आणि मी ती मागून घेतली.

आता केलं ते रीतसर. जुने स्क्रू काढले, भोक खरवडून ताज्या हाडापर्यंत नेलं, कमरेचं हाड भरलं आणि सहा महिने थांबलो. ट्रे मी मागायच्या आधी रोझलिननं पुढे केला. दुसऱ्या टप्प्यात दोरी घेतली ती डाव्या गुडघ्यातून, कारण उजव्यात घेण्यासारखं मी काही ठेवलं नव्हतं. नवं भोक पाडण्याआधी आकडीनं चाचपत चाचपत खोबणीच्या शेवटच्या कडेला पोचलो. तो उंचवटा ओलांडताना हाताला कळला. टेबलावरच बाजूनं फोटो घेतला, तार घालून एकदा, ड्रिल करून एकदा, स्क्रू मारून एकदा. आणि शिवाय मांडीच्या बाहेरच्या रुंद पट्टीतली एक चिंधी मोकळी करून गुडघ्याच्या बाहेरून आवळली, म्हणजे वळताना सगळा भार आतल्या एकट्या दोरीवर पडू नये. दोनदा फसलेल्या गुडघ्यात आतली दोरी एकटी पुरत नाही, हे मी त्या पायावर शिकलो. पुढे कितीतरी फसलेले गुडघे, बहुतेक दुसऱ्यांचे, मी याच रीतीनं केले आणि त्यांतले बरेच टिकले. परिषदांमध्ये त्यावर बोललोही. पडद्यावर पहिला फोटो जयंतीचाच असायचा. खाली लिहिलेलं असायचं, 'पहिली दोन ऑपरेशनं अन्यत्र.'

हो, तेही केलं. अन्यत्र!

जयंतीचा गुडघा टिकला. वर्षानं ती मैदानावर परतली, नोकरी कायम झाली. ग्रंथालयाच्या किल्ल्या परत केल्या त्या दिवशी तिनं फोन केला. अभिनंदन म्हणालो. ती म्हणाली, "अम्मा आज घरीच आहे."

त्यांचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, मांबलम स्टेशनच्या अंगाला. संध्याकाळी गेलो. अंबुजाबाईंनी कॉफी ठेवली, मी नको म्हणत असताना तिखट शेव ठेवली. जयंती दाराशी उभी राहिली, बसली नाही. मी फोटो घेऊन गेलो होतो. खिडकीच्या उजेडात धरले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. उठाबशांचा दोष नव्हता. नवसाचा नव्हता. तुमचा तर मुळीच नव्हता. भोक मी चुकीच्या जागी पाडलं, मला ते कळलं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. जितकं साधं करून सांगता येईल तितकं सांगितलं.

अंबुजाबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्या.

"केवढें मन तुमचें, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मला बरें वाटावें म्हणून स्वतःवर घेतां."

"नाही हो, अंबुजाबाई. खरंच सांगतोय. हे बघा, हा स्क्रू..."

"मला काय कळतें त्यांतलें. तुमचा हात चुकला असता तर आतां गुडघा कसा नीट झाला? हात तोच ना?" त्यांनी फोटो माझ्या हातातून घेऊन हलकेच पाकिटात घातले. "मी केलें ते मला ठाऊक आहे. तुम्ही आपलें माणूस, म्हणून असें बोलतां. दुसरा कोण बोलेल?"

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा. जितकं जोर देऊन सांगावं तितकी त्यांची माझ्यावरची श्रद्धा वाढत गेली. शेवटी त्या उठल्या आणि माझ्या पायाशी वाकायला लागल्या. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी बाई! मी मागे सरकलो तो भिंतीला लागलो.

जयंती फाटकापर्यंत आली. मी म्हणालो, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

"पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं असतं तर ऐकलं असतं," ती म्हणाली. "तिसऱ्या ऑपरेशनच्या आधी सांगितलं असतं तरी ऐकलं असतं. तेव्हा ती विचारत होती. आता ती विचारत नाही, डॉक्टर."

तिनं फाटक लावून घेतलं.

अंबुजाबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या. त्या पिळ्ळैयारच्या देवळात पुन्हा कधी गेल्या नाहीत. देवाला तोंड कसं दाखवू, म्हणायच्या. माझी गोष्ट मात्र त्यांनी मांबलमभर सांगितली, की या डॉक्टरांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. ती ऐकून अजूनही लोक माझ्याकडे आपल्या आयांना घेऊन येतात.